सरपंचने नाकारलेले चोवीस

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी, उत्तर इटलीतल्या एका विद्यापीठात, मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याच्या एका मुलीने मृदाशास्त्राच्या परीक्षेत मिळालेले तीसपैकी चोवीस गुण घ्यायला नकार दिला. ती नापास झाली नव्हती. उत्तीर्ण व्हायला तिथे अठरा पुरतात. गुण कमी पडले अशीही तिची तक्रार नव्हती. परीक्षकांनी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही माझी परीक्षा घेतलीच नाही.”

तिला आम्ही सरपंच म्हणायचो. तिच्या घरात कोणी कधी ग्रामपंचायतीचा साधा सदस्यही झालेला नव्हता. हे नाव जव्हारच्या मुलींच्या वसतिगृहात पडले. आमटी पातळ झाली, नळाला पाणी आले नाही, गाद्या ओल्या निघाल्या, की मुली तिला पुढे करत. ती अधीक्षकबाईंच्या दारात उभी राहायची आणि आवाज न चढवता सांगायची, “मॅडम, आम्ही मागत नाय. आमचं आहे तं द्या.” बाई चिडत. पण दुसऱ्या दिवशी आमटी दाट व्हायची.

मी जव्हारची. वडील तहसील कचेरीत कारकून, आई शाळेत शिक्षिका. अकरावीपासून सरपंच आणि मी एका बाकावर होतो. ती मला नावाने हाक मारत नसे. “ए जव्हारवाली,” म्हणायची. पोशेऱ्याहून जीपने खाली येणाऱ्या माणसाला जव्हार हेच शहर, आणि शहरातली माणसे थोडी बावळट, असे तिचे पक्के मत होते. “तुम्हाला दुकान बंद असलं तं भाजी मिळत नाय. आम्ही रानात जातो,” असे ती सांगायची.

एका रविवारी वसतिगृहाच्या मुली जव्हारजवळच्या शिरपामाळावर फिरायला गेल्या होत्या. मीही बरोबर होते. तिथे गाडीने आलेल्या एका कुटुंबातल्या गृहस्थांनी मुलींना ओळीत उभे राहायला सांगितले. त्यांना फोटो हवा होता. सरपंचने स्वतःचा मोबाइल काढला. “आधी तुमचा काढते. काका, जरा हसा. गाव कोणतं? जात कोणती? घरात खाणारी तोंडं किती?” गृहस्थांनी मोबाइल खिशात टाकला. त्यांची बायको मात्र हसली आणि तिने मुलींना डब्यातल्या पुऱ्या दिल्या. सरपंचने पुरी घेतली. “ही माणसासारखी वागली,” ती म्हणाली.

पुढे ती शेतकी शिकली, मी पत्रकारिता. इटलीतल्या इंग्रजीतून चालणाऱ्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमांची आणि त्यासाठीच्या शिष्यवृत्तीची बातमी तिनेच आणली. स्वतःचा अर्ज भरून झाल्यावर तिने मला माझ्या विषयाचा भरायला लावला. मी का, असे विचारल्यावर तिचे उत्तर होते, “मग तिथं मराठीत भांडू कुणाशी?” दोघींची निवड झाली. विद्यापीठ एकच, विभाग वेगळे.

आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात राहायला गेलो. तिसरी मुलगी रोझारिया, इटलीच्या पार दक्षिण टोकाची, कायद्याची विद्यार्थिनी. तिची आई दर महिन्याला खोके पाठवायची. त्यात तेल, चीज, उन्हात वाळवलेले टोमॅटो असत. उत्तरेतली मुले तिच्या उच्चारांची नक्कल करत, आणि ती त्यांच्या आयांचा उद्धार करत असे. सरपंचला ती पहिल्याच आठवड्यात आवडली.

फ्रिजवर साफसफाईचे वेळापत्रक चिकटवलेले होते. प्रत्येकीचा एक वार. सरपंचने ते वाचले, काढले आणि घडी करून खिडकीच्या खडखडणाऱ्या झडपेत खोचले.

“माझा वार गुरुवार आहे,” रोझारिया म्हणाली. “आज शनिवार. मी आज का पुसू?”

“आज सगळ्या मिळून तुझी खोली. मग हिची, मग माझी, मग स्वयंपाकघर. लावणीला एकटी बाई खाचरात उतरते का?”

रोझारियाला लावणी माहीत नव्हती. सरपंचने तिला सावड समजावून सांगितली. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. जी दुसरीच्या शेतात येत नाही, तिच्या शेतात कोणी जात नाही. रोझारिया म्हणाली, तिच्या आजीच्या गावात ऑलिव्हच्या तोडणीला असेच करायचे, आता मजूर बोलावतात. त्या दिवसापासून घरात सावड सुरू झाली. नोव्हेंबरात रोझारिया एका मित्राबरोबर फिरायला गेली आणि शनिवार चुकला. परत आली तेव्हा सगळे घर लख्ख होते, तिची खोली सोडून.

“दंड आहे का?” तिने विचारले.

“आहे. तुझ्या आईचे टोमॅटो.”

जेवणावरून रोज वाद व्हायचा. सरपंच पास्ता मऊ होईपर्यंत शिजवायची आणि रोझारिया कपाळावर हात मारायची. एकदा कॅन्टीनमध्ये रोझारियाने मोठ्या अभिमानाने तिला रिसोत्तो, म्हणजे तिथला चीज घातलेला भात, खायला घातला. सरपंचने ताटली संपवली. मग म्हणाली, “चव चांगली. पण हा भात नाय. ही घट्ट झालेली पेज आहे. आजारी माणसाला द्यावी.” रोझारिया दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच ताप आल्याचे सांगून सरपंचकडून पेज करून घेतली.

डिसेंबरात परदेशी विद्यार्थ्यांची एक संध्याकाळ होती. आयोजकांनी सरपंचला विचारले, आदिवासी वेशात येऊन भिंतीवरच्या कागदावर वारली चित्र काढशील का? तिने शांतपणे उत्तर दिले. “मी महादेव कोळी. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं ते चित्र, वारल्यांच्या सवाष्णी काढतात. मी काढला तं आमच्या शेजारची वारली मावशी मला चुलीतलं लाकूड घेऊन मारेल.” मग गावचा एखादा नाच तरी, असे आयोजकांनी सुचवले. “तुम्ही नाचणार आहात का?” तिने विचारले. ते नाचणार नव्हते. त्या संध्याकाळी ती जीन्स घालून गेली, सगळ्या देशांच्या टेबलांवरचे जेवली आणि घरी आली.

जानेवारीचा पूर्ण महिना ती मृदाशास्त्राच्या अभ्यासाला बसली होती. अभ्यासक्रमातला तिचा मुख्य विषय हाच. पाण्याखालच्या भातखाचराच्या मातीत काय घडते, हे शिकण्यासाठीच ती आली होती. चिकणमातीचे कण क्षार कसे धरतात आणि कसे सोडतात, या प्रकरणाची समीकरणे तिने स्वयंपाकघराच्या टाइलवर खडूने लिहून ठेवली होती. त्या महिन्यात आम्ही फरशी पुसली, टाइल नाही.

तिथली परीक्षा तोंडी असते आणि उघड्या दाराने होते. बाकीचे विद्यार्थी मागे बसून ऐकतात. रोझारिया आणि मीही जाऊन बसलो. सरपंचच्या आधी एका मुलाला प्राध्यापकांनी फळ्यापाशी उभे केले, समीकरणे लिहायला लावली, चुकीवर अडवले, पुन्हा विचारले. त्याला घाम फुटला होता.

सरपंच पुढे गेली. प्राध्यापकांनी हाताने खुर्ची दाखवली. ती खुर्चीशेजारी उभी राहिली, हाताची घडी घालून, नजर समोर. ती पहिली ते दहावी आश्रमशाळेत शिकली होती. तिथे गुरुजी प्रश्न विचारतात तेव्हा उभे राहायचे, घडी घालायची आणि ‘बस’ असे तोंडाने म्हटल्याशिवाय बसायचे नाही. जव्हार-मोखाड्यातली आमच्या वर्गातली कोणतीही मुलगी तशीच उभी राहिली असती. प्राध्यापकांना ते माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांना वाटले, मुलगी घाबरली आहे. त्यांनी तिला पाण्याचा पेला दिला. आवाज खाली आणला. मग विचारले, “तुमच्या गावात भात कसा लावतात?”

तिने सांगितले. रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजण्यापासून लावणीपर्यंत सगळे, क्रमाने. प्राध्यापक मान हलवत होते. दुसरा प्रश्न होता, “आणि पाऊस किती पडतो?” तेही तिने सांगितले. ते म्हणाले, “फार सुंदर. इतक्या दुरून आलात. चोवीस.”

त्या देशात विद्यार्थ्याला गुण नाकारता येतात. परीक्षक आकडा सांगतात. विद्यार्थी हो म्हणतो, किंवा पुन्हा येतो म्हणतो. रोझारियाने डिसेंबरात एकोणीस नाकारले होते, त्यामुळे ही रीत सरपंचला ठाऊक होती. ती नाही म्हणाली. प्राध्यापकांनी सांगितले की पुढची परीक्षा जूनमध्ये आहे आणि तिच्या अभ्यासक्रमासाठी तीच शेवटची. त्यात अनुत्तीर्ण झाल्यास वर्ष अपुरे राहील, प्रमाणपत्र मिळणार नाही. समजले का, असे त्यांनी दोनदा विचारले. तिने दोन्ही वेळा हो म्हटले.

बाहेर आल्यावर रोझारिया ओरडली. एकोणीस नाकारणे वेगळे, चोवीस नाकारणे वेडेपणा. सरपंच जिना उतरत होती. “त्या पोराला मातीचं विचारलं. मला गावाचं विचारलं. पोशेऱ्याची परीक्षा द्यायला मी इथवर आले का?”

संध्याकाळी तिने घरी फोन केला. आई म्हणाली, “देतात तं घ्यावं ना, बाय. कशाला डोकी लढवतंस?” मोठा भाऊ ठाण्यात बांधकामावर असतो. तो म्हणाला, “टेन्शन कशाला घेते? पास झाली ना? बस झालं.” तिने दोघांनाही सांगितले की ती पास झालेली नाही.

मी तिला विचारले, वसतिगृहात राहिलीस, शिष्यवृत्ती घेतलीस, मग हेच का नको? ती कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“वसतिगृह हक्काचं. शिष्यवृत्ती हक्काची. तिच्या दाखल्यासाठी मी तुझ्याच बाबांच्या टेबलापुढं किती वेळा उभी राहिले, विचार त्यांना. ते मी भांडून घेतलंय, त्याची मला लाज नाय. हे त्यांनी मला बिचारी समजून पानात वाढलं. ते मी खात नाय.”

“आणि जूनमध्ये नापास झालीस तर?”

“गेले तं माझी मी गेले.”

पुढचे चार महिने ती पहाटे उठून वाचायची. रोझारिया तिला प्रश्न विचारायची. तिला रसायनशास्त्रातले काही कळत नव्हते, पण वकिलासारखी उलटतपासणी घेणे तिला जमायचे. उत्तर ऐकले की ती म्हणायची, “पुरावा?” सरपंच चिडून टाइलकडे बोट दाखवायची. एप्रिलमध्ये टाइल भरली तेव्हा तिने न्हाणीघराच्या भिंतीवर लिहायला सुरुवात केली. घरमालकीण भाडे घ्यायला आली, भिंत पाहिली आणि भाडे मोजून गेली.

जूनमध्ये ती खोलीत गेली, खुर्ची ओढली आणि बसली. प्राध्यापकांनी पाण्याचा पेला पुढे केला. “नंतर,” ती म्हणाली. “आधी विचारा. त्यांना विचारता तसं.”

त्यांनी विचारले. फळ्यापाशी उभे केले. पाणी साचलेल्या खाचरात लोहाचे काय होते, हे तिने नीट सांगितले. क्षारांच्या देवाणघेवाणीचे समीकरण लिहिताना एक चिन्ह चुकले. त्यांनी अडवले, तिने शोधून दुरुस्त केले. नंतरचा प्रश्न त्यांनी वळवून वळवून तीनदा विचारला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “हे मला येत नाही.” तिची परीक्षा आधीच्या परीक्षार्थीपेक्षा जास्त वेळ चालली.

प्राध्यापकांनी आकडा सांगितला. तेवीस.

मग त्यांनी चष्मा काढला. “फेब्रुवारीत मी तुम्हाला चोवीस दिले होते. हे त्याहून कमी आहेत. आणि आता पुन्हा संधी नाही.”

“ते चोवीस तुमचे होते,” सरपंच म्हणाली. “हे माझे आहेत. लिहा.”

मागच्या बाकावरून रोझारियाने तिच्या गावच्या बोलीत एक शिवी हासडली. खोलीतले सगळे हसले. प्राध्यापकही हसले आणि त्यांनी तेवीस लिहिले. सरपंच उभ्याने पाणी प्यायली.

जुलैच्या अखेरीस ती निघाली. मला तिथल्या एका वृत्तसंस्थेत उमेदवारी मिळाली होती, त्यामुळे मी थांबले. स्टेशनवर रोझारिया रडत होती. सरपंचने तिला दोन्ही खांद्यांना धरून हलवले. “रडतेस काय? पोशेऱ्याला ये. लावणीला माणूस कमी पडतो.” मला म्हणाली, “जव्हारवाली, मराठीत भांडायला आता कुणी नाय तुला. इटालियन शिक.” गाडी सुटली तेव्हा ती खिडकीशी नव्हती. डब्यात कोणीतरी तिच्या जागेवर बसले होते, आणि ती त्याला उठवत होती.

मुंबईहून ती कसाऱ्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने घरी गेली. सध्या ती जव्हारजवळच्या दाभोशाला एका प्रकल्पात कंत्राटी पदावर आहे आणि भातखाचरांच्या मातीचे नमुने तपासते. परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षी तिने त्याच विद्यापीठातल्या त्याच प्रयोगशाळेत संशोधनाच्या जागेसाठी अर्ज केला. सरासरी गुण कमी पडल्याने निवड झाली नाही. या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. मुलाखतीचे बोलावणे आले आहे. निवड समितीत तेच मृदाशास्त्राचे प्राध्यापक आहेत. मुलाखत ऑनलाइन देण्याची मुभा होती. तिने समोर येते असे कळवले आणि तिकीट काढले आहे.