दळायला गेलेली वंशावळ

बाळांनो, तुमच्या या आजीमुळे एकदा आपल्या अकरा पिढ्या दळायला गेल्या.

माझ्या संगणकावर चार छोटे डेटाबेस आहेत: आपली वंशावळ, आंब्याच्या कलमांची नोंद, गावच्या वाचनालयातली पुस्तकं आणि तुम्हा सगळ्यांच्या जन्मवेळा. वंशावळीतली अर्धी नावं वेंगुर्ल्याच्या आत्यांनी सांगितलेली, आणि आत्या आता नाहीत. म्हणून मी स्वतः प्रत्येकाचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतला, क्रमांक चिकटवले आणि इथल्या खाऱ्या हवेला भिऊन चारही तांदळाच्या डब्यात पुरले. (तांदूळ ओल शोषतो. शास्त्र आहे!)

मंगळवारी सकाळी संगणक सुरूच होईना. मी तोऱ्यात डबा उघडला. रिकामा!

"अहो, तांदूळ खंय गेले?"

"आंबोळ्यांचा पीठ संपलला. गिरणीत देवन इलंय," पेपरामागून तुमचे आजोबा म्हणाले.

मी किंचाळले, "अहो, त्यात आत्या होत्या!"

आजोबांनी चष्मा काढला. "गो, तुका बरा नाय काय?"

मी धावले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात त्यांची! गिरणी धडधडत होती आणि बाबल गिरणीवाला आमची पिशवी वरच्या तोंडात रिकामी करत होता.

"थांबव रे! बंद कर!" मी थेट तांदळात हात घातला.

"माई, हात काढा! बोटां जातली!"

"बोटां धा आसत, पणजो एकच!"

त्याने घाबरून बटण बंद केलं. तीन पेनड्राइव्ह पिशवीतच होते. चौथा, वंशावळीचा, गिरणीच्या तोंडात सापडला. जात्यापासून वीतभर वर! छाती अशी धडधडत होती की गिरणी अजून चालूच आहे असं वाटलं.

तिथून घरी, आणि मग आजोबांसकट, संगणकासकट बाजारात, सुलभाच्या दुरुस्तीच्या दुकानात. तिने चारही पेनड्राइव्ह लावून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"काय गो?" मी विचारलं.

"माई, ह्येत नुसते शॉर्टकट आसत. म्हणजे दारावरची पाटी आणलास, घर थंयच रवला."

थंय म्हणजे बंद पडलेल्या संगणकात! मी स्टुलावर बसले. आत्या दुसऱ्यांदा गेल्या असं वाटलं. सुलभाने संगणक उघडला. आत मुंग्यांनी वसाहत केलेली. तिने ब्रशाने झाडलं, कसलीशी तार बदलली, बटण दाबलं. मी डोळे मिटून घेतले.

"माई, बघा. अकराय पिढ्ये आसत!"

मी चक्क रडले. सुलभा हसू दाबत म्हणाली, "पण ह्यो बॅकअप घेतल्यान कोणी?"

मी आजोबांकडे बोट दाखवलं.