वरचा मजला दिलाय

समुद्रकाठच्या आमच्या मार्तील गावाला उन्हाळा लागला की तेतुआनकडून येणाऱ्या रस्त्यावर किल्ल्या वाजायला लागतात. ज्याच्याकडे म्हणून भाड्यानं द्यायला खोली आहे, तो जुडगा घेऊन चौकात उभा राहतो आणि बाहेरगावची गाडी दिसली की खुळखुळवतो. माणसं गाडीमागे धावतात, खिडकीत डोकं घालतात, घरातून समुद्र दिसतो म्हणून शपथा घेतात. माझं किराण्याचं दुकान त्याच चौकाच्या कोपऱ्यावर. कोणाच्या घरातून खरंच समुद्र दिसतो ते मला पक्कं ठाऊक आहे, पण मी तोंड उघडत नाही. त्यांचे पाहुणे पाव माझ्याकडूनच घेतात.

लाल्ला रहीमू, म्हणजे रहीमूबाई, या गर्दीत जरा बाजूला उभी राहायची. डोंगराकडच्या बायका घालतात तशी गोंड्यांची गवती टोपी, हातात एकच किल्ली, आणि तीही हळूच हलवायची. गाडी थांबली की ती मालकाकडे बघायचीच नाही, आधी मागच्या सीटवर पोरं किती ते बघायची. बाकीच्यांना हवं असतं शांत, पैसेवालं गिऱ्हाईक. हिला हवी असायची पोरांनी खचाखच भरलेली गाडी.

"अहो लाल्ला, भिंती रंगवायला लागतील दरवर्षी," मी म्हणायचो.

"रंगवू. तू तुझी साखर मोज."

घर माझ्या दुकानासमोरच. खालच्या मजल्यावर ती, वरचा मजला पाहुण्यांचा, आणि गच्चीवर एक छोटी खोली. ऑगस्टमध्ये मागणी वाढली की ती स्वतःचा मजलाही देऊन टाकायची आणि बिछाना उचलून गच्चीवर जायची. इथे अर्धं गाव ऑगस्टमध्ये गच्चीवरच असतं, त्यात काही नवल नाही. घर मात्र तिच्या नावावर नव्हतं. मुलगा अन्वर परदेशात, अँटवर्पला असतो, त्यानं तिथे राबून हे बांधलं आणि भाड्यानं देता यावं म्हणून आईच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलं.

अन्वर हा फोनवरून नियम सांगणारा मुलगा. फक्त कुटुंबालाच द्यायचं. नवरा-बायको असतील तर निकाहनामा बघायचा. ओळखपत्रांच्या नकला पोलीस चौकीवर द्यायच्या. कागदाशिवाय किल्ली नाही. आणि मोसम संपला की कोणालाही, अगदी कोणालाही ठेवायचं नाही. तो उगाच बोलत नव्हता. त्याच्या मित्रानं एकाला हिवाळ्यापुरती जागा दिली, तीही तोंडी, आणि तो माणूस असा बसला की कोर्टात खेटे घालता घालता मित्राचे केस पांढरे झाले. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर दुसऱ्याचं तोंड पोळलेलं बघून अन्वर फुंकर मारत होता.

लाल्ला रहीमू नियम पाळायची, आपल्या पद्धतीनं. एकदा फास शहरातून एक वयस्क जोडपं आलं, निकाहनामा घरी विसरलेलं. बाई दारातच नवऱ्यावर घसरली, कारण त्यानं रस्त्यात घेतलेलं कलिंगड कच्चं निघालं होतं. लाल्लानं दोघांचं भांडण शेवटपर्यंत ऐकलं आणि किल्ली दिली. मला म्हणाली, "लग्न झाल्याशिवाय कोणी असं भांडत नाही."

सप्टेंबर सरला की मार्तील रिकामं होतं. दारं-खिडक्या लागतात, पूर्वेकडचा वारा रस्त्यावरून वाळू ढकलत बसतो, आणि चौकात मी आणि मांजरं. घर बंद दिसलं की चोर येतात, म्हणून अन्वरनं आईला वर दिवा लावून ठेवायला सांगितलं होतं. रोज संध्याकाळी ती जिना चढून जायची, दिवा लावायची आणि परत यायची. मग माझ्याकडून एक पाव न्यायची. एका माणसाला एक पाव. त्या महिन्यांत तिच्याशी बोलायला माझ्याशिवाय कोणी नसायचं, आणि मी काही फार गोड बोलणारा माणूस नाही.

गेल्या वर्षी मेक्नेसहून एक मोठं कुटुंब आलं. त्यांच्यात बहीजा नावाची एक बाई होती, घरधन्याची मेहुणी. पन्नाशीची, घटस्फोटित, केस कापायचं काम करणारी. कुटुंब परत निघालं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मला अजून आठवडाभर राहू देता का?" भावानं वडिलांचं घर विकलं होतं. आता ती बहिणीच्या घरात राहत होती, आणि तिथे तिचा बिछाना पोरांच्या खोलीत, दाराआड.

आठवडा झाला, दुसरा झाला. मोसम संपला. अन्वरचा नियम मोडायचा नाही म्हणून लाल्ला रहीमूनं एक शक्कल काढली. तिनं भाडं घेणंच बंद केलं.

"भाडं घेतलं तर भाडेकरू," ती मला समजावून सांगत होती, "नाही घेतलं तर देवाचा पाहुणा. पाहुण्याला कुठला कायदा?"

"देवाचा पाहुणा तीन दिवसांचा असतो, लाल्ला."

"तुझ्याकडे असेल. म्हणूनच कोणी येत नाही तुझ्याकडे."

त्या हिवाळ्यात ती दोन पाव न्यायला लागली. कोथिंबिरीची जुडी परत करून ताजी मागायला लागली, माझ्या जिऱ्याला नावं ठेवायला लागली. शुक्रवारी वाफवलेल्या रव्याचा कुसकुस असायचा, थंडीत बाकल्याच्या डाळीचा घट्ट बैसारा, पिठल्यासारखा, वरून तेल आणि जिरं. एक वाटी मलाही यायची. गुरुवारी दोघी बादल्या घेऊन हमामला न्हायला जायच्या आणि लाल तोंडं घेऊन हसत परतायच्या. बहीजानं तिचे केस मेंदी लावून कापून दिले होते. इतक्या वर्षांत मी तिला टोपीशिवाय पाहिलं नव्हतं.

मुहल्ल्याचा मुकद्दम, सरकारचा माणूस, ज्याला कोणाच्या घरी किती चपला आहेत तेही माहीत असतं, एक दिवस चौकशीला आला. "लाल्ला, वर कोण?"

"बहिणीची मुलगी."

"तुला बहीण कधीपासून?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून. चहा घे."

चहा घेऊन तो गेला. पण विजेचं बिल अन्वरच्या फोनवर जातं, आणि बिलाला चहा पाजता येत नाही. जानेवारीत त्यानं मला फोन केला. "काका, आमच्याकडे वर कोण राहतंय?"

"आईला विचार," मी म्हणालो.

फोन करण्याऐवजी तो स्वतःच आला. आला तो आरडाओरडा करत नाही, तर वकिलाकडून करून आणलेला भाडेकरार घेऊन. मलाही साक्षीदार म्हणून बोलावलं. खरं सांगतो, पोरगा वाईट नाही. भाडं नाममात्र लिहिलं होतं, वीज-पाणीही त्याच्याकडेच. फक्त मे महिन्याच्या अखेरीला, मोसमाआधी, जागा सोडायची तारीख होती.

"ओसरी दिली की लोक पाय पसरतात, आई. मी यांच्याबद्दल बोलत नाही," तो बहीजाकडे बघून म्हणाला, "पण उद्या काही झालं तर घर माझ्या नावावर आहे."

बहीजानं लगेच पेन घेतलं. "बरोबर आहे त्यांचं. कुठे करू सही?"

लाल्लानं कागद तिच्या हाताखालून ओढून घेतला. "आलेल्या माणसाला कधी जाणार असं विचारतात? हे शिकवलं मी तुला?"

"आई, ही पाहुणी असेल तर नाव-नातं सांग. भाडेकरू असेल तर तारीख हवी. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरव."

तिनं वर छताकडे बोट केलं. मग म्हणाली, "ती वर चालते ना, तेव्हा मला खाली ऐकू येतं. त्याला तुमच्या कायद्यात काय म्हणतात ते लिही."

अन्वरनं मान खाली घातली. "मग माझ्याकडे चल," तो म्हणाला. ती एकदा गेली होती, एक हिवाळा. ते दोघं नवरा-बायको कामाला, नातवंडं शाळेत, आणि ही खिडकीत. परत येऊन तिनं विषयच काढला नव्हता. आताही काढला नाही. कागद तिनं घडी करून उशीखाली ठेवला, आणि सही राहिली ती राहिलीच.

त्या गुरुवारी बहीजा म्हणाली, अंगात कसकस आहे, मावशी, तुम्ही एकट्याच जा हमामला. लाल्ला बादली घेऊन गेली आणि थोड्याच वेळात बहीजा बॅग घेऊन माझ्या दुकानात आली. वरच्या मजल्याची किल्ली तिनं माझ्या तराजूत ठेवली.

"मफद्दलभाऊ, माझ्यापायी आईनं मुलाशी अबोला धरलाय. माझ्यापायी आणखी एक घर मोडायला नको." तिचे डोळे कोरडे होते. अशा बाईला रडायची सवय राहिलेली नसते. मी तिला तेतुआनच्या टॅक्सीत बसवून दिलं.

लाल्ला आली, तिनं तराजूतली किल्ली पाहिली आणि बादली घेऊन ती घरी गेली. एक पावही नेला नाही. दुसऱ्या दिवशी अन्वरनं कुलूपवाला बोलावून वरचं कुलूप बदललं. जो गेला त्याच्याकडे नकला असू शकतात, हाही त्याचा एक नियम. नव्या किल्ल्या आईच्या हातात ठेवून, तिच्या कपाळाला ओठ टेकवून तो गेला. दोघंही रडले, मी बघितलं.

पुढच्या सोमवारी लाल्ला रहीमू टोपी घालून दुकानात आली. हातात तोच करार. "दुकान बंद कर. मला नगरपालिकेत जायचंय, आणि वाचून दाखवायला कोणी नाही."

खिडकीपलीकडच्या कारकुनानं कागद दोनदा वाचला. "आजी, जागा देणारी तुम्ही, मुलाच्या मुखत्यारपत्रावर. आणि आधीचं नाव खोडून लिहिलेली घेणारीही तुम्हीच?"

"मीच."

"स्वतःच स्वतःला भाड्यानं देताय? कोर्टात हे टिकेल की नाही, मला माहीत नाही."

"कोर्टात मी नाही जाणार. तू सही माझी आहे का ते बघ."

"तुमचीच आहे. आणि सोडायची तारीख खोडलीय ती?"

"ती माझी मी बघेन."

त्याचं काम सहीवर शिक्का मारायचं होतं, तो त्यानं मारला. तिथून तिनं मला तेतुआनच्या बसस्थानकावर नेलं. नव्या कुलपाची एक किल्ली माझ्याच दुकानातल्या साखरेच्या जाड निळ्या कागदात बांधून आणली होती. ती मेक्नेसच्या बसचालकाला दिली, बहीजाच्या बहिणीचा पत्ता सांगितला, आणि बस सुटेपर्यंत उभी राहिली.

यंदाचा उन्हाळा येऊन गेला. तिनं जूनपासूनच खालचा मजला पाहुण्यांना दिला आणि स्वतः गच्चीवर गेली. त्याच पैशातून वरच्या मजल्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला अन्वरच्या खात्यात जातं. कोण भरतं ते त्याला कळलं असणार, कारण तो आता बिलाबद्दल विचारत नाही. चौकात गाड्या थांबायच्या, लोक वर बघून म्हणायचे, तो मजला मोठा आहे, तोच द्या की. ती म्हणायची, "वरचा मजला दिलाय." ऑगस्टमध्ये गावात पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हाही तो मजला रिकामा होता. पडदे धुतलेले, बिछाना घातलेला.

मेक्नेसहून काही निरोप आलेला नाही. किल्ली पोचली की नाही, तेही माहीत नाही.

आता पुन्हा वाळू उडायला लागली आहे. काल संध्याकाळी वर दिवा लागला, आणि माझ्यासारखा माणूसही क्षणभर उठून उभा राहिला. मग जिन्यावरून लाल्लाच उतरून आली.

"काय लाल्ला, तुमची पाहुणी कुठाय?"

"येईल. तिची जायची तारीखच नाही कागदावर." मग तिनं दोन बोटं वर केली.

मी दोन पाव बांधून दिले. त्यातला एक सकाळी शिळा होऊन कोंबड्यांना जातो, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.