कडी लावलेली दुपार
बाजारात सुताच्या नव्या दोराचा वास आला की मला मोताळ्यातली एक दुपार आठवते. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी आणि माझी मैत्रीण एकाच शाळेत शिकवत होतो, दोघीही तिशी ओलांडलेल्या. "नवं मंडळ निघालं हाय, फक्त बायांचं. चाल," म्हणत ती मला एका विधवा नर्सबाईंच्या घरी घेऊन गेली. दाराला आतून कडी होती. सारवलेल्या खोलीत चार-पाच जणी होत्या. एक नवऱ्याचे बूट घालून इतरांना हुकूम सोडत होती, दुसरी हात बांधून घेऊन डोळे मिटून सुखानं बसली होती. "इथं कोणी बांधते, कोणी बांधून घेते, जिले जसं आवडते तसं. सोड म्हटलं का लगेच सोडाचं, एवढाच इथला कायदा," नर्सबाई मला म्हणाल्या. मग मैत्रिणीनं सुताच्या नव्या दोरानं माझी मनगटं बांधायला घेतली. तिच्या स्पर्शासाठी मी किती वर्षं झुरले होते! वाटलं, शेवटी हिला कळलं. तेवढ्यात नर्सबाईंकडे पाहत ती माझ्या कानाशी म्हणाली, "आमच्या यांची बदली झाली चांद्याले. मी गेल्यावर बाई एकट्या पडतीन. माहा जीव हाय त्यांच्यात. तू येत जाशील ना त्यांच्यासाठी?" तिचे डोळे भरले होते. मी म्हणाले, "हाव, येत जाईन." ती गेली आणि मी शब्द पाळला. दर आठवड्याला जायचे, तिच्याच गोष्टी निघायच्या. नर्सबाई रडल्या की मी त्यांना समजवायचे. मला समजवायला तेव्हा कोणी नव्हतं, आजही नाही.