काकांवर उचललेला हात

अमरावतीच्या सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती विद्यालयात, मी तिसऱ्या वर्षाला होतो. आठवडाभर ग्रीक क्रियापदं आणि हिब्रूची उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं घोकायची, आणि शनिवारी जीपमध्ये कोंबून दर्यापूरजवळच्या एका खेड्यात जायचं. तिथल्या चर्चच्या लहानशा मंडळीत उपदेश करणं हा शिक्षणाचाच भाग होता. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या, सगळे ज्यांना काका म्हणत त्यांच्याकडे माझा मुक्काम असे. काका प्रार्थना फार सुंदर करत.

एका रविवारी शास्त्रपाठ वाचताना काकांची एक ओळ सुटली. बायकांमध्ये बसलेल्या काकूंनी हळूच ती सांगितली. एवढंच.

उपासना झाल्यावर मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो, तर काकांनी काकूंना केस धरून खाली पाडलं होतं. हातात कापसाची वाळकी पऱ्हाटी होती. "चार लोकांत मले शिकवतं?" ती मोडल्यावर त्यांनी लाथा घालायला सुरुवात केली.

अकोल्यात माझे वडीलही कमरेचा पट्टा काढायचे. आई नंतर मोरीत तोंड धुवायची. मी कधी मधे पडलो नव्हतो.

त्या दिवशी पडलो. काकांना भिंतीवर आपटलं. पहिला ठोसा त्यांना थांबवण्यासाठी होता. पुढचे तसे नव्हते. जबड्यात काहीतरी कडकन वाजलं. मूठ रक्तानं निसरडी झाली, तरी मी मारतच राहिलो. मला बरं वाटत होतं, फार बरं. शेवटी काकूंनीच मागून माझी मान आवळली.

"सोडा त्यायले! जीव घेता का?"

सेमिनरीच्या प्राचार्यांनी समोर उभं करून विचारलं, "थांबावंसं वाटलं होतं?"

"नाही, सर."

त्यांनी मला वर्षभरासाठी घरी पाठवलं. काकांनी तक्रार केली नाही. मंडळीची बदनामी होईल, म्हणाले.

तीन आठवड्यांनी मी अकोल्याहून माफी मागायला गेलो. काका शेतात होते. काकूंचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. मी पाया पडायला वाकलो, तर त्या मागे सरल्या.

"तुमी गेले अन् त्यायनं दार लावलं. तुमच्या वाट्याचं बी मलेच भेटलं."

पाठ करून आणलेली माफी मी सोडून दिली. "मी काय करू, काकू?"

"ठाण्यात चला. पाह्यलं ते सांगा."

"मग माझंही सांगावं लागेल."

"सांगा न. काहून, फक्त त्यायचंच सांगायचं होतं का?"

ठाण्यात माझे ठोसे लिहून घेताना हवालदाराचा पेन थांबला. "खरंच लिहू?" मी हो म्हटलं. साक्षीदारासाठीच्या ग्रीक शब्दालाच पुढे हुतात्मा असा अर्थ आला, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण त्या बाकावर मला हुतात्म्यासारखं नाही, माझ्या बापासारखं वाटत होतं.

गुन्हा दोघांवरही दाखल झाला. काकू तिवशाला भावाकडे गेल्या. वर्ष संपल्यावर सेमिनरीनं मला परत घेतलं, पण खटला संपेपर्यंत सांभाळायला मंडळी देणार नाही या अटीवर.

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात काका आणि मी चार हातांवर उभे असतो. त्यांचा जबडा एका बाजूला कायमचा वाकला आहे. मी अजून त्यांच्याशी बोललेलो नाही. गेल्या तारखेला काकूंची साक्ष झाली. नवऱ्याबद्दल सांगितलं, तसंच न अडखळता माझ्याबद्दलही. मी मागून मान आवळली नसती तर या पोरानं त्यायले मारून टाकलं असतं, असं त्या न्यायाधीशांना म्हणाल्या. माझ्या वकिलानं उलटतपासणी घ्यायची का विचारलं. मी नको म्हटलं.