जावयाला नोटीस

सासूने जावयाला नोटीस बजावल्याची घटना आपल्या घराण्यात आजवर एकदाच घडली आहे, आणि ती सासू म्हणजे तुमची आजी. तुमच्या बाबांनी ही गोष्ट तुम्हाला तिखटमीठ लावून सांगितली असेलच, म्हणून खरी हकीकत मीच लिहून ठेवते.

सुरुवात केली शेजारच्या कुसुमने. ती माहेरची अमरावतीजवळच्या भातकुली गावची, त्यामुळे हळू बोलणं तिला ठाऊक नाही. जठारपेठेतल्या आपल्या गच्चीवर मी वाळलेल्या कुरडया डब्यात रचत होते (आकाराप्रमाणे, अर्थात!), तेवढ्यात ती फोन नाचवत आली.

“बाई, तुमचं मंगलाष्टक अमरावतीची कोन बाई म्हनून राहिली पाहा! अन् खाली नाव टाकलं सोताचं!”

फोनमध्ये शालू नेसलेली एक ठसठशीत बाई पेटीच्या साथीवर गात होती: “जाई लेक वऱ्हाड सोडुनि दुरी, डोळ्यांत पाणी जरी...”

पोरांनो, ही ओळ माझी! तुमच्या आईच्या लग्नासाठी मी आठही कडवी रचली होती. (शार्दूलविक्रीडित वृत्त. एक अक्षर इकडचं तिकडे नाही!) छापून अक्षतांबरोबर मांडवभर वाटलीही होती. त्यातलाच एखादा कागद या बाईच्या हाती लागला असणार. माझं नाव सोडून तिने त्यातलं सगळं घेतलं होतं!

“जाऊ द्या न बाई,” कुसुम म्हणाली. “कोनाचं लगन तर लागून राहिलं न त्याच्यानं?”

“कुसुम, याला कॉपीराइटचा भंग म्हणतात. लिहिणाऱ्याचा हक्क लिहिल्याक्षणी सुरू होतो. नोंदणीसुद्धा लागत नाही.”

“मंग पोलिसाले फोन लावू?”

पोलीस कशाला? मी जन्मभर शाळेत इंग्रजी अर्जलेखन शिकवलं होतं! त्या संकेतस्थळावर तक्रारीची सोय होतीच. मी असं इंग्रजी लिहिलं, की वाचणाऱ्याने उभं राहूनच वाचावं. “संपूर्ण रचना माझी एकटीची आहे” या चौकटीवर टिचकी मारताना तर बोट दुखेपर्यंत दाबलं.

पुढे आक्षेपार्ह व्हिडिओचा पत्ता द्यायचा होता. अर्धवट काम मला आवडत नाही. माझी ओळ टाकून शोधलं, तर त्याच नावाचे कितीतरी व्हिडिओ! आणि प्रत्येकाच्या चित्रात एकच दृश्य: दोन्हीकडून ताणून धरलेला अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. त्याच्या मागे कोण उभं आहे हे दिसणार कसं? दिसू नये म्हणूनच तर तो धरतात! मी एकही उघडून पाहिला नाही. सगळे पत्ते क्रमाने चिकटवले आणि तक्रार पाठवून दिली.

थोड्याच दिवसांत उत्तर आलं: तक्रार मान्य, सर्व व्हिडिओ हटवले! मी बदाम घालून शिरा केला. कुसुमची वाटी भरत होते, तोच तुमच्या आईचा फोन.

“आई, तू यांच्यावर केस केलीस?”

“कोणावर?”

“अगं, माझ्या नवऱ्यावर! तक्रारदार म्हणून तुझं नाव आलंय. मधल्या नावासकट!”

मग तुमच्या बाबांचा आवाज. मुळात भिडस्त माणूस! “आई, माझं काही चुकलं का? दिवाळीला फोन उशिरा केला म्हणून...”

“अहो जावईबापू, काय बोलता!”

“नाही, पुन्हा असं केलं तर खातं बंद करू म्हणतायत. मी एका वकिलांशी बोललोय. तुमच्याविरुद्ध नाही हो! नुसता सल्ला!”

तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या ढिगात तुमच्या आईबाबांच्याच लग्नाचा व्हिडिओ होता. त्यांनी त्याला प्रेमाने माझीच ओळ नाव म्हणून दिली होती; मी तो नेहमी तुमच्या आईने पाठवलेल्या दुव्यावरून उघडते, नाव कधी वाचलंच नव्हतं. आणि माझी मंगलाष्टकं त्यात तुमच्या आबांनी म्हटली होती. आबा आता नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. मूळ कॅसेटला बुरशी लागली, तेव्हा “इंटरनेटवर आहेच की” म्हणत मीच ती भंगारात दिली होती.

“तुमच्याकडे दुसरी प्रत असेल ना?”

“होती, आई. तो कॉम्प्युटरच गेला.”

मी फोन ठेवला.

“कावून तोंड उतरलं बाई?” कुसुमने विचारलं.

“कुसुम, मी यांना पुसून टाकलं गं.”

कुसुमने शिऱ्याची वाटी बाजूला सारली.

तक्रार मागे घेता येत होती, पण घ्यायची तर अख्खीच. “म्हणजे अमरावतीच्या बाईंचं गाणंही परत येईल,” तुमच्या बाबांनी बजावलं. “चालेल?”

“येऊ दे! वाजतगाजत येऊ दे!”

या वेळी भारदस्त इंग्रजी एक वाक्यही सुचेना. “चूक माझी आहे, कृपया परत द्या,” एवढंच लिहिलं. मग दिवसभर फोन पदराखाली धरून फिरले.

अखेर व्हिडिओ परत आला. तुमच्या बाबांनी तिकडून सगळ्यांना जोडून घेतलं आणि लावला. इकडे माझ्या शेजारी कुसुम. आबा गाऊ लागले. “जाई लेक” म्हणताना आवाज चिरकला, पण थांबले नाहीत. एरवी त्यांचं शेवटचं “सावधान” झालं, की मी फोन बंद करते. पुढे नुसता बँड असणार, आणि तेवढ्यात मला डोळे पुसायचे असतात. आज बटण जावईबापूंच्या हातात होतं. शिवाय लग्नाच्या दिवशीही मी मांडवात नव्हते. मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकू नयेत म्हणून मला आत बसवलं होतं. त्यामुळे पुढचं कधी कानावर पडलंच नव्हतं.

आबांच्या हातात माईक तसाच चालू होता. ते शेजारच्या पाहुण्याकडे झुकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “छान आहेत ना? आमची ही म्हणते तिने रचली. पण यातली निम्मी हिच्या आत्याने आमच्याच लग्नात म्हटली होती. मला चांगलं आठवतंय!”



आणि खरंच की! आत्याचा तो गळा, ती कडवी... लहानपणापासून कानात बसलेलं मी आपलंच समजून कागदावर उतरवलं होतं.

“म्हंजे बाई,” कुसुम म्हणाली, “तुमच्या आत्यानं तुमच्यावर केस कराले पायजे होती!”

तुमचे बाबा हळूच म्हणाले, “आई, तेवढं वाक्य कापून टाकू का?”

“खबरदार!” मी म्हटलं.

गाताना आबा सगळ्या मांडवाचे होते. त्या एका वाक्यात ते नेहमीसारखे माझी खोडी काढतायत. तेव्हापासून मी रोज तेवढंच ऐकते. तुम्हीही ऐका. आजीविरुद्धचा पक्का पुरावा जगासमोर खुला आहे, आणि तो तसाच राहावा म्हणून हातापाया पडलेली तक्रारदारही आजीच!