मामांच्या प्लॉटवरची मेंढरांची वाट

देवानं पृथ्वी करण्याआधी माझ्या आत्याच्या यजमानांना जागा दाखवली असती, तर निम्मे डोंगर आज दुसरीकडं असते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. कुंडलजवळ त्यांचा ऊस आहे, आणि फौजेतून घरी येताना ते जागा पारखायची खोड बरोबर घेऊन आले. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते आधी उतार बघतात, मग बसतात. "आमटी सांडली तर कुठं जाईल, बघाय नको व्हय रं?" एकदा व्याह्यांच्या मांडवात त्यांनी अख्खी पंगत उठवून समोरच्या बाजूला बसवली. मग वाढप्याच्या हातून खरोखरच बादली निसटली आणि आमटी थेट नव्या पंगतीत आली. पँट झटकत मामा म्हणाले, "मांडववाल्यानं जमीनच उलटी केलीया."

मला सांगलीला इंजिनिअरिंगला घालायचा हट्ट मामांचाच. घरातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे त्यांनी घर बांधायला काढलं, तेव्हा परवानगीचा नकाशा मीच काढणार हे ठरलेलं होतं. जागेवर जे जे आहे ते नकाशात दाखवावं लागतं, झाड, विहीर, उतार, ओघळ, असं मी सांगितलं आणि मामा उजळले. प्लॉटच्या मधोमध बाज टाकून ते सांगू लागले, "कडुनिंब, काढ. पावसाचं पानी हिकडनं जातंय, काढ. मेंढरांची वाट, काढ."

मला पूर्वेच्या बांधालगत नुसतं गवत दिसत होतं.

"म्हसवडाकडनं तात्या धनगर दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घिऊन येतोय. लेंडीखतासाठी आपल्या रानात बसवतो न्हवं? ती हितनंच जात्यात."

"मामा, बाजूनं जातील की."

"मेंढरू बाजूनं जात न्हाई गड्या. पुढं भिंत असू दे न्हाईतर कलेक्टर."

नेमकं तिथंच आत्याचं स्वयंपाकघर येत होतं. ती कडाडली, "आवं, जन्मभर धुरात काढला मी! मेंढरांना वाट आन मला चूल न्हाई?"

मामा बाजेवरून उठले आणि पूर्वेचा बांध पावलांनी मोजून आले. मग म्हणाले, "माझी पश्चिमेची ओसरी काढून टाक. घर पश्चिमेला सरकव." ती ओसरी त्यांनी फौजेत असल्यापासून मनात बांधली होती. मी घर सरकवलं, नियमानं सोडायची मोकळी जागा पूर्वेला रुंद ठेवली, नकाशा मंजूर झाला आणि घर उभं राहिलं.

यंदा दिवाळी झाली, तरी मेंढरं आली नाहीत. मग एका सकाळी आत्याच आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, "आवं, तात्या आला!" गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मेंढरं विकून तो एसटीनं एकटाच आला होता. समोर फाटक असूनही तो बांधालगतच्या त्या वाटेनंच आत शिरला. त्याच्या मागची मोकळी वाट मामा थोडा वेळ बघत राहिले. मग कडुनिंबाखालची बाज जरा सरकवून म्हणाले,

"हितं बस तात्या. हितं उतार न्हाई."