यादीतलं सहावं नाव

विश्रामकाकांबद्दल लिहायचं तर कौतुकानेच सुरुवात करावी लागेल. आमच्या कोपरच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं कौतुक करायला मीच सगळ्यात पुढे असायचे.

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होते ते. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे किती खांब चढले असतील, त्यांनाच ठाऊक. निवृत्त झाल्यावर लोक बागेत जाऊन बसतात, यांनी वायफाय शिकायला घेतलं. काकू गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे, त्यामुळे वेळच वेळ. कुणाचा टीव्ही अडकला, कुणाचा राउटर रुसला की काकांना हाक. चहाखेरीज काही घ्यायचे नाहीत आणि चहात साखर कमी पडली तर तोंडावर सांगायचे.

त्यांच्याकडे एक लाल पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येक घराला एक पान. त्या घरात वायफायवर काय काय चालतं, ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. ही सवय खात्यातली. लाइन तोडायच्या आधी तिला टेस्टफोन लावून ऐकायचं, कुणी बोलत नाही ना बघायचं, मगच हात लावायचा. एकदा डोंबिवलीत एका पोराने न ऐकताच तारांची जोडी तोडली आणि पलीकडे एक माणूस डॉक्टरांशी बोलत होता. हा किस्सा काकांनी मला निदान दहा वेळा सांगितला असेल. सांगताना त्या पोराला शिव्याही तेवढ्याच द्यायचे.

माझ्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, मंदाकिनीमावशी राहायच्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या, शाळेतल्या निवृत्त बाई. मुलगा केदार कॅनडात. दोन वर्षांपूर्वी त्याने आईसाठी एक बेल पाठवली. गळ्यात घालायचं एक बटण आणि भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायची एक पांढरी डबी. बटण दाबलं की डबी वायफायवरून निरोप धाडणार आणि विश्रामकाकांचा फोन मोठ्याने वाजणार. मावशींकडे इंटरनेट नव्हतं. एका डबीसाठी वेगळं कनेक्शन कशाला, माझं वायफाय भिंतीपलीकडे पोचतंय की, असं मीच म्हटलं. काकांनी माझा पासवर्ड डबीत घातला. शेजारधर्म म्हणून आम्हाला तिघांनाही बरं वाटलं. डबी जुन्या पद्धतीची होती, पण चालली. मावशींनी तिला क्रोशाचं कव्हर विणलं. फ्रिजच्या हँडलला, रिमोटला, मिक्सरला त्यांच्याकडे कव्हर होतंच, आता डबीलाही झालं. तिचा हिरवा दिवा त्या कव्हराखाली झाकला गेला.

पहिले काही महिने मावशी रोज संध्याकाळी सात वाजता देवापुढे दिवा लावायच्या आणि एकदा बटण दाबायच्या. काकांचा फोन वाजायचा, म्हणजे मावशी ठीक. मग काकांनीच ते बंद करायला लावलं. बटणाची बॅटरी उतरते म्हणाले. तेव्हापासून बेल वाजली नाही म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरून चाललो.

या वर्षी मार्चमध्ये माझं गाडं बिघडलं. मी घरूनच काम करते, ऑफिस ठाण्याला, पण जावं लागतं महिन्यातून एकदा. नवीन लॅपटॉप घेतला, नाव-पासवर्ड जुनेच ठेवून नवा राउटर घेतला आणि तरीही मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठायचा. साहेबांनी दोनदा सगळ्यांसमोर टोमणा मारला. मी चिडून मंगळवारी सकाळी काकांना बोलावलं आणि आज काय तो सोक्षमोक्ष लावाच म्हणून त्यांच्या मागे लागले.

काकांनी राउटरची यादी फोनवर उघडली. मग नीट समजावलं. नवा राउटर जुन्या-नव्या दोन्ही पद्धतीच्या वस्तूंशी बोलू शकतो, पण एखादी फार जुनी वस्तू मध्ये आली की तिच्या गतीने बाकीच्यांना थांबावं लागतं. जिन्यात म्हातारं माणूस पुढे असलं की मागच्यांना हळूहळूच चढावं लागतं, तसं. असं ते म्हणाले आणि हसले. मीही हसले.

वहीत माझ्या पानावर पाच वस्तू होत्या. राउटरच्या यादीत सहा होत्या. सहावीला नावच नव्हतं, नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. तीच सगळ्यात जुन्या पद्धतीची.

काकांनी चष्मा वर केला. "हेमांगी, हे काय आहे गं?"

मी म्हटलं, मला काय माहीत. खालच्या पोरांनी पासवर्ड पळवला असेल, फुकटात बघत बसतात. मला त्या क्षणी खरंच राग आला होता आणि साडेदहाला मीटिंग होती. काका वहीचं पान पुन्हा वरपासून खाली वाचत राहिले. लाइन असती तर ऐकून पाहिलं असतं, असं काहीसं पुटपुटले. मी घड्याळाकडे बघितलं, तेही त्यांनी पाहिलं. मग त्यांनी जुनी पद्धत बंद केली. सहावं नाव यादीतून गेलं.

डबी वहीत होती. पण ती मावशींच्या घरात होती, म्हणून काकांनी ती मावशींच्या पानावर लिहिली होती. ते पान माझ्या पानाच्या मागेच होतं.

त्या दिवसापासून माझं इंटरनेट असं पळायला लागलं की विचारू नका. साहेबांनी चेहरा स्पष्ट दिसतो म्हणून शाबासकी दिली. मी काकांना खाली जाऊन शंकरपाळे देऊन आले. भिंतीपलीकडे क्रोशाच्या कव्हराखाली दिवा लाल झाला होता. काकांचा फोन गप्प होता, आणि तो तर नेहमीच गप्प असायचा.

बुधवारी मावशी माझ्याकडे वाटीभर लिंबाचं लोणचं घेऊन आल्या. दारात उभं राहून बोलत होत्या. त्यांच्या गळ्यात, पदराच्या काठाशी, ते बटण लोंबत होतं. मी ते पाहिलं. अगदी त्याच्याकडे बघत मी लोणच्यात तिखट किती घातलं ते विचारलं. इतकं समोर असून माझ्या डोक्यात काही हललं नाही, याचा मला आजही स्वतःचा संताप येतो.

शुक्रवारी दुपारी अडीचला मी मोठ्या मीटिंगमध्ये होते. कानाला हेडफोन. मध्येच भिंतीवर ठकठक झाल्यासारखं वाटलं. मावशी दाण्याचं कूट खलबत्त्यात करायच्या, मिक्सरमधलं त्यांना चिकट वाटायचं. मला वाटलं, तेच. मी आवाज दोन घरं वाढवला. थोड्या वेळाने ठकठक थांबली आणि मला बरं वाटलं.

साडेसहाला त्यांच्या पोळ्या करणाऱ्या कलावतीबाई माझ्या दाराशी आल्या. बाई दार उघडत नाहीत म्हणाल्या. माझ्याकडे किल्ली असायची. आत गेलो तर मावशी बाथरूमच्या बाहेर, आमच्या सामाईक भिंतीशी पडलेल्या. शुद्धीवर होत्या. हातात पितळी तांब्या होता.

कलावतीबाईंनी गॅलरीतून काकांना हाक मारली. ते जिना चढून आले, मावशींकडे बघितलं, मग खिशातला फोन काढून बघितला. त्यावर काहीच आलेलं नव्हतं. त्यांनी जाऊन डबीचं कव्हर वर केलं. लाल दिवा दिसला आणि त्यांनी ते कव्हर हळूच पुन्हा खाली केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला सगळं कळलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं भेटायला गेलो. मी ठरवलं होतं, सांगून टाकायचं. काकांनीही ठरवलं असावं, कारण खाटेजवळ बसताच त्यांनी घसा साफ केला.

पण मावशीच आधी बोलल्या. "भावजी, मी दाबलं होतं हं बटण. तीनदा दाबलं. मग म्हटलं, दुपारची वेळ, तुम्ही जरा पडला असाल. उगाच झोपमोड कशाला."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुझं काम चाललेलं, बोलणं ऐकू येत होतं. म्हणून भिंतीवरही हळूच वाजवलं."

काका त्यांच्या पांघरुणाची घडी नीट करत बसले. मी बाटलीत पाणी भरून आणते म्हणून बाहेर गेले. आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. नवव्या दिवशी मावशी गेल्या. छातीत संसर्ग झाला, असं डॉक्टर म्हणाले. चार तास गार फरशीवर पडून राहिल्याचा त्यात किती वाटा, ते मी विचारलं नाही.

केदार आला, सगळं उरकलं, घर आवरलं. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला, काका तिथेच होते. त्याने क्रोशाच्या कव्हरासकट डबी आणि बटण काकांच्या हातात दिलं. आई फोनवर म्हणायची, काका आहेत म्हणून मला भीती वाटत नाही, असं त्याने सांगितलं. तो काकांच्या पाया पडला. काकांनी पाय मागे घेतले. केदारला तो संकोच वाटला.

तो गेल्यावर काकांनी माझ्या राउटरमधली जुनी पद्धत पुन्हा चालू केली. मला विचारलं नाही, आणि मी कशाला अडवते. वही उघडून माझ्या पानावर पाचव्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, सहा, मंदावहिनींची बेल. मग डबी माझ्याच प्लगमध्ये खोचली. दिवा थोडा वेळ लाल राहिला आणि हिरवा झाला.

"बॅटरी काही उतरत नव्हती," काका म्हणाले. "दोन-दोन वर्षं जाते ती. सात वाजता माझ्या बातम्या असायच्या. मध्येच फोन वाजला की वैताग यायचा, म्हणून मी त्यांना खोटं सांगितलं."

रोज सातला ते बटण दाबलं गेलं असतं तर मंगळवारी संध्याकाळीच कळलं असतं.

काकांनी बटण तळहातावर घेतलं आणि दाबलं. त्यांच्या खिशात फोन मोठ्याने वाजायला लागला. त्यांनी तो वाजू दिला, थांबल्यावर पुन्हा दाबलं, आणि मग तिसऱ्यांदा. भिंतीपलीकडचं घर रिकामं होतं. तिसऱ्यांदा फोन वाजून थांबेपर्यंत काका भिंतीला कान लावून उभे होते.